पावसाआधी छप्पर: कोकणात मॉड्युलर बांधकामाला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

कोकणात घर बांधायला काढलं की मार्चपासून भेटेल तो एकच विचारतो, "स्लॅब पावसाआधी पडणार ना?" उत्तर 'नाही' असेल तर पुढचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. काम दिवाळीवर जातं, सेंट्रिंगचं भाडं चालू राहतं, उघड्या सळयांना गंज धरतो आणि गणपती यंदाही जुन्याच घरात बसतात.

हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनला पोचतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. म्हणजे वर्षातले जवळपास १२० दिवस पाण्याचे. दक्षिण कोकणात तो आणखी आधी येतो. एवढा काळ दरवर्षी हातातून जात असेल तर त्याला 'अचानक आलेली अडचण' म्हणता येत नाही. कामाची आखणी करतानाच त्याची सोय लावायला हवी. मॉड्युलर बांधकाम, म्हणजे घराचा मोठा भाग साइटबाहेर, कारखान्यात बनवून आणणं, ही त्या सोयीची एक चांगली पद्धत आहे. ज्यांनी आजवर फक्त मिस्त्री, सेंट्रिंगवाले आणि मिक्सर एवढंच बांधकाम पाहिलंय, त्यांच्यासाठी ती पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून हजारभर चौरस फुटांचं, तळमजल्याचं किंवा एकमजली घर धरलंय. होमस्टेच्या खोल्या, दवाखाना, शाळेचे वर्ग यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं.

आधी पाऊस नेमकं काय अडवतो ते बघा

पाऊस पडतो म्हणून काम थांबतं, हे अर्धंच खरं. काँक्रीट ओतताना पाऊस आला तर वरचा थर धुपतो, हे दिसतं. न दिसणारं नुकसान वाळूत असतं. एक घनमीटर काँक्रीटला साधारण ७०० किलो वाळू लागते. ढिगाऱ्यातल्या वाळूत ५ टक्के ओल असली तरी मिक्सरमध्ये ३५ लिटर जादा पाणी गेलं. आणि त्या मिश्रणाला लागणारं एकूण पाणी असतं १७०-१८० लिटर. मोजमाप न करता नेहमीसारखं पाणी घातलं की काँक्रीटची ताकद घटते आणि ते वरून कळतही नाही.

खोदाईचंही तसंच. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार पाऊस' म्हणतं. हजार चौरस फुटांच्या खोदलेल्या जागेत तेवढा पाऊस म्हणजे सहा हजार लिटर पाणी, आणि उतारावरून वाहून येणारं वेगळंच. पंप लावून ते काढाल, पण भिजून मऊ झालेली माती पुन्हा खरवडून काढावी लागते.

मग माणसं. जून-जुलैत लावणी असते, गावातला मजूर शेतावर जातो आणि त्याने जायलाच हवं. पावसाळ्यात नदीतला वाळू उपसा बंद असतो. घाटात दरड आली की सिमेंट-लोखंडाची गाडी वरच अडकते.

यात वेळापत्रकाला सगळ्यात घातक ठरते ती कामांची साखळी. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान ७ दिवस क्युअरिंग (पाण्याने ओलं ठेवणं) लागतं, फ्लाय अॅशसारखं मिश्रण असलेल्या सिमेंटला किमान १०. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस काढता येत नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) १४ दिवस. सहा मीटरवरच्या बीमला २१ दिवस. पाया झाल्याशिवाय कॉलम नाही, कॉलमशिवाय स्लॅब नाही, स्लॅबशिवाय भिंती नाहीत. मे महिन्यात एका आठवड्याचा उशीर झाला की तो जूनमध्ये चार महिन्यांचा होतो. उशीर वाढण्याचं खरं कारण ही साखळी आहे.

कारखान्यात घर बनवल्यावर ती साखळी तुटते. साइटवर पायाचं खोदकाम चालू असतानाच भिंती आणि छपराचे भाग दुसरीकडे, शेडखाली तयार होत असतात. उघड्यावर उरतात चारच कामं: पाया, वाहतूक, उभारणी आणि सांधे. पाऊस या चार कामांना अजूनही अडवतो. म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन या चारांभोवतीच आहे.

हे आपल्याकडे चालेल का, असं विचारणाऱ्यांनी नवी मुंबईतलं बामणडोंगरी बघावं. तिथे सिडकोच्या गृहप्रकल्पात २०२२ मध्ये १२ मजली इमारतीतली ९६ घरं प्रीकास्ट पद्धतीने, म्हणजे काँक्रीटचे भाग आधीच साच्यात ओतून मग जोडून, ९६ दिवसांत उभी राहिली. केंद्र सरकारच्या 'लाइट हाऊस' योजनेत १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत पायाभरणी झाली. त्यात चेन्नईत प्रीकास्ट काँक्रीट, रांचीत अख्ख्या खोल्याच ओतून आणण्याची पद्धत आणि भरपूर पावसाच्या आगरतळ्यात स्टीलची चौकट वापरली. अर्थात एवढ्या मोठ्या प्रकल्पाला स्वतःचं कास्टिंग यार्ड (हे भाग ओतायचं आवार) परवडतं. आपल्या एका घराला तयार कारखान्याकडेच जावं लागतं, आणि तिथून पहिला निर्णय सुरू होतो.

पहिली पायरी: कोणती पद्धत, हे जागा बघून ठरवा

बाजारात 'प्रीफॅब', 'मॉड्युलर', 'रेडिमेड घर' हे शब्द कशालाही लावतात. नवख्या माणसाने तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात.

प्रीकास्ट काँक्रीटच्या भिंती आणि स्लॅब मजबूत आणि टिकाऊ, पण वजनदार. तीन मीटर लांब, तीन मीटर उंच आणि १५० मिमी जाड भिंत जवळपास ३.४ टनांची होते. ती गावच्या आतल्या रस्त्याने आणायची आणि क्रेनने बसवायची. एकाच नमुन्याची अनेक घरं किंवा खोल्या असतील तरच साच्यांचा खर्च वसूल होतो.

दुसरी पद्धत हलक्या स्टीलच्या चौकटीची, म्हणजे एलजीएसएफ. पातळ गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे चॅनल मशीनवर वळवून त्यांच्या चौकटी करतात आणि दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड मारतात. तेवढ्याच आकाराची चौकट चार माणसं हाताने उचलून नेतात. कोकणातल्या एकट्या-दुकट्या घराला, अरुंद पाखाडीच्या वाडीला मला हीच पद्धत जास्त योग्य वाटते. अट एकच: समुद्रकाठी जस्ताच्या लेपाची जाडी तपासून घ्यायची. 'झेड २७५' म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. कोटेशनमध्ये हा आकडा लिहून घ्या. समुद्र अगदी समोर असेल तर त्याहून जास्त संरक्षण लागेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा.

तिसरी पद्धत तयार खोल्यांची. लादी, वायरिंग, नळ, सगळं बसवलेली खोली ट्रेलरवरून येते. साइटवरचा वेळ यात सगळ्यात कमी लागतो, म्हणून पावसाच्या दृष्टीने ही पहिली यायला हवी. पण रस्ता तिला आडवा येतो. शिपिंग कंटेनरचं घरही यातच मोडतं. कंटेनरचं सपाट छप्पर कोकणात तसंच ठेवू नका. वर उतरतं पत्र्याचं छप्पर आणि चारी बाजूंना चांगली पागोळी हवीच.

पूर्ण घर मॉड्युलर करायला मन धजत नसेल तर फक्त बाथरूम तयार आणता येतं, किंवा फक्त छपराच्या कैच्या. एवढ्यानेही पावसाळ्यापूर्वीचे मोलाचे दिवस वाचतात.

दुसरी पायरी: कॅलेंडर उलटं मांडा

सुरुवातीपासून पुढे मोजायचं नाही. छप्पर आणि खिडक्या बसून घर पाणीबंद व्हायची तारीख आधी लिहा आणि तिथून मागे या.

ती तारीख १० मे धरा, १० जून धरू नका. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं होतं. मान्सून वेळेवर आला तरी वळिवाचा पाऊस कुणाची परवानगी घेत नाही.

इथून दोन रस्ते निघतात.

पहिला, उन्हाळ्यात उभारणीचा. नोव्हेंबरपर्यंत परवानगी हातात आणि नकाशा पक्का, डिसेंबरमध्ये कारखान्याला ऑर्डर, जानेवारी-फेब्रुवारीत पाया, त्याच काळात कारखान्यात उत्पादन, मार्चअखेर ते एप्रिलमध्ये उभारणी. जून ते सप्टेंबर आतली कामं: वायरिंग, फरशी, रंग, सुतारकाम. छप्पर असलं की ही कामं पावसात आरामात चालतात. फक्त रंगाला भिंत कोरडी लागते, म्हणून तो शेवटी.

दुसरा रस्ता ज्यांना डिसेंबर-जानेवारीत सुरुवात जमली नाही त्यांचा. मेअखेरीस फक्त जोतं पूर्ण करायचं आणि थांबायचं. पावसाळाभर कारखान्यात घर तयार होतं. दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस ओसरला की माल आणायचा आणि दिवाळीच्या आगेमागे उभारणी करायची. पहिल्यांदाच या पद्धतीकडे वळणाऱ्यांना मी हाच रस्ता सुचवतो. निर्णयांना श्वास घ्यायला वेळ मिळतो, घाटातून अवजड गाडी भर पावसात आणावी लागत नाही, आणि एरवी निव्वळ वाया जाणारे चार महिने कामाचे होतात. दोन गोष्टी मात्र आधी विचाराव्या लागतात: तयार माल कारखाना ऑक्टोबरपर्यंत कुठे आणि कुणाच्या खर्चाने ठेवणार, आणि भातकापणीच्या दिवसांत तुम्हाला मदतीला माणसं कुठून मिळणार.

या दोन्हींच्या मधली वेळ, म्हणजे 'मेच्या शेवटच्या आठवड्यात पटकन उभं करून टाकू', हा बेत सोडून द्या. अर्धवट बोर्ड मारलेली चौकट पावसात सापडली तर ती न बांधलेल्या घरापेक्षा वाईट.

तिसरी पायरी: नकाशा गोठवा

आपल्याकडे घर बांधता बांधता बदलतं. "ही खिडकी जरा सरकवा", "इथे देवघर काढा". विटांच्या भिंतीत ते खपतं. इथे खिडकीची जागा, नळाचं भोक, स्विचबोर्ड, पंख्याचा हुक, सगळं कारखान्यात जातं. एकदा कापलेली चौकट किंवा ओतलेली भिंत बदलायची तर नवा तुकडा लागतो, आणि तो येईपर्यंत मे उलटतो.

म्हणून घरच्या सगळ्यांना बसवून प्रत्येक खोलीचा नकाशा जमिनीवर चुन्याने आखा. खरोखरच अंगणात आखा. पलंग कुठे, फ्रिज कुठे, पूजेला तोंड कुठे, पाण्याची टाकी कुठे, हे त्या रेघांत उभं राहून ठरवा. आजी-आजोबांना त्या रेघांतून चालायला लावा. दोन-तीन संध्याकाळी यात गेल्या तरी चालेल. नंतर नकाशावर तुमची सही, इंजिनियरची सही आणि तारीख. त्या तारखेनंतर बदल नाही.

याच टप्प्यावर परवानगी. तयार घराला परवानगी लागत नाही, असं विक्रेत्यांकडून सर्रास ऐकायला मिळतं. राहण्याच्या घराला परवानगीचे नियम तेच, मग ते विटांचं असो की स्टीलचं. समुद्र किंवा खाडीजवळ असाल तर सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे) नियम वेगळे. शिवाय हलक्या घरावर वाऱ्याचा उचलण्याचा जोर किती येतो हे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) काढलेलं हवं, आणि कोयनेच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला भूकंपाचा हिशेबही सोडता येत नाही. विक्रेत्याचं 'स्टँडर्ड डिझाइन' तुमच्या गावासाठी तपासलंय का, ते स्वतंत्र इंजिनियरकडून लेखी घ्या.

चौथी पायरी: कारखाना डोळ्यांनी बघा, रस्ता त्याहून नीट बघा

कारखान्यात गेल्यावर पहिली नजर वर टाका. डोक्यावर शेड आहे का? बरीच कास्टिंग यार्डं उघड्यावर असतात. तिथे पावसात काम थांबत असेल तर तुमचा उशीर फक्त एका गावातून दुसऱ्या गावात गेला. जुलै-ऑगस्टमध्ये महिन्याला किती भाग तयार होतात, हे मागच्या वर्षीच्या नोंदवहीत बघायला मागा. वाळूची ओल मोजून पाणी कमी करतात का, क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासण्याचे) निकाल ठेवतात का, तयार माल जमिनीपासून उचलून, झाकून ठेवतात का, हेही बघा. सिमेंट बोर्ड आणि इन्सुलेशन चिखलात टेकवून ठेवलेलं दिसलं तर तिथून परत फिरा.

आता रस्ता. कारखाना बहुधा घाटावर किंवा मुंबईकडे असतो आणि आपलं घर घाटाखाली. वरंध घाट पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवण्याची वेळ येते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात २०२२ मध्ये दरडींमुळे वाहतुकीवर निर्बंध होते. पर्यायी घाट कोणता आणि त्यातून लांब ट्रेलर वळतो का, हे चालकालाच विचारा. नकाशावर ते कळत नाही.

कंटेनरच्या मापाची खोली २.४४ मीटर रुंद आणि सुमारे २.६ मीटर उंच असते. ट्रेलरवर चढली की जमिनीपासून चार मीटरच्या आसपास जाते. नेहमीच्या मर्यादेबाहेरच्या मालाला वेगळी परवानगी काढावी लागते, ती पुरवठादार काढणार की तुम्ही, ते ठरवा. मोठ्या रस्त्याचा प्रश्न सुटतो. अडतं ते शेवटच्या दोन किलोमीटरला. एक बांबू घ्या, त्यावर साडेचार मीटरला लाल फडकं बांधा आणि हायवेपासून तुमच्या अंगणापर्यंत चालत या. कुठे विजेची तार खाली आलीय, कुठे आंब्याची फांदी, कुठे वळणावर गडगा पुढे आलाय, सगळं लिहा. साकव असेल तर त्यावरून किती टन जाऊ शकतात ते ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम विभागात विचारा. तार सरकवायची तर महावितरणकडे अर्ज आत्ताच करा, गाडी निघाल्यावर करून उपयोग नाही.

हे चालून झाल्यावर पुष्कळांचा तयार खोल्यांचा बेत बदलतो आणि ते पॅनेल किंवा चौकटीकडे वळतात. तो निर्णय ऑर्डर देण्याआधी झाला, म्हणजे चालण्याचं सार्थक झालं.

पाचवी पायरी: पाया, आणि त्यातले बोल्ट

सगळ्या कामात मी सर्वात जास्त वेळ इथे द्यायला सांगतो. वरचं घर मशीनने मिलिमीटरमध्ये कापलेलं असतं आणि पाया गवंड्याच्या हाताने होतो. दोघांची गाठ जोत्यावर पडते. तिथे दोन सेंटिमीटरचा फरक निघाला तर क्रेन भाड्याने उभी, गाडी उभी, आणि ढग भरून येताहेत.

समजा जोतं ९ मीटर बाय ६ मीटर आहे. बाजू मोजून समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा. ते १०.८१७ मीटर भरले पाहिजेत आणि दोन्ही सारखे. लोखंडी टेप वापरा, कापडी ताणतो. टेप दोघांनी धरावा आणि तिसऱ्याने लिहावं. पातळी नळीत पाणी भरून पाहिली तरी चालते; नळीत बुडबुडा राहिला नाही एवढं बघा. ऑटो लेव्हल (पातळी बघायचं दुर्बिणीचं यंत्र) मिळाली तर उत्तम.

अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये बसवायचे असतील तर कारखान्याकडून त्याच मापाची लोखंडी पट्टी, म्हणजे टेम्प्लेट, मागवा. बोल्ट तिच्या भोकांत घट्ट अडकवून मगच काँक्रीट ओता. व्हायब्रेटर लागला की बोल्ट सरकतात, म्हणून ओतून झाल्यावर, काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा मोजा. त्या अर्ध्या तासात हलवता येतं, दुसऱ्या दिवशी नाही. चौकट हलकी असेल तर नंतर ड्रिल करून केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) मारण्याचा पर्याय इंजिनियरला विचारा; नवख्या टीमला तो सोपा जातो, पण भोकं कोरडी आणि साफ हवीत.

काम झालं की पायाची प्रत्यक्ष मापं कारखान्याला पाठवा आणि ती मिळाल्याचं उत्तर लेखी घ्या. दुसरा रस्ता धरला असेल तर बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावा, त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि टोपी बसवा. खाऱ्या हवेत चार महिन्यांत उघडा बोल्ट नट घ्यायला नकार देतो.

जोत्याबरोबरच तीन गोष्टी करून घ्या: डोंगराकडच्या बाजूने पाणी वळवणारा चर, सांडपाण्याच्या आणि नळाच्या पाइपांची तोंडं, आणि क्रेन उभी राहायची जागा. लाल माती भिजली की क्रेनचा पाय खाली जातो. जांभ्याचं सोलिंग, वर खडी आणि मुरूम दाबून घ्या, पायांखाली लोखंडी प्लेट किंवा लाकडी स्लीपर ठेवा.

सहावी पायरी: उभारणीचा दिवस

क्रेन टनांवर ठरवू नका, अंतरावर ठरवा. १४ टनी हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) आहे म्हटल्यावर ३.४ टनांची भिंत सहज उचलेल असं वाटतं. क्रेनचा हात लांब गेला की क्षमता झपाट्याने घटते. क्रेन जिथे उभी राहणार तिथून सर्वात लांबचा तुकडा किती मीटरवर बसणार ते मोजा आणि त्या अंतराचा आकडा लोड चार्टमध्ये, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्या तक्त्यात, दाखवायला सांगा. चार्ट गाडीत नसेल तर ती क्रेन नको.

वाऱ्याची मर्यादाही चार्टमध्ये असते. मोबाइल क्रेनसाठी ती पुष्कळदा ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असते, आणि भिंतीसारखा रुंद तुकडा टांगलेला असेल तर त्याहून कमी. हातात धरायचा वारामापक फार महाग नसतो, तो साइटवर ठेवा. हवामान खात्याचे अंदाज आदल्या संध्याकाळी आणि पहाटे बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर गाडी कारखान्यातून निघू देऊ नका. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' अॅप फोनवर ठेवा. मे आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर गडगडतं, म्हणून उचलण्याचं काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी एकपर्यंत आटपा.

माल कोणत्या क्रमाने बसणार, त्याच्या उलट्या क्रमाने तो गाडीत भरला गेला पाहिजे. प्रत्येक तुकड्यावर रंगाने नंबर, तोच नंबर नकाशावर. भिंत उभी झाली की टेकू लागल्याशिवाय हूक सोडायचा नाही, मग मागे किती गाड्या थांबल्यात ते बघू नका.

एक सवय लावून घ्या: दिवसाअखेरीस घर जिथवर झालंय तिथवर ते रात्रीचा पाऊस सोसू शकेल असं करून मगच हात धुवा. म्हणजे छपराची एक बाजू पूर्ण, किंवा ताडपत्री पक्की बांधलेली, उघड्या चॅनलची तोंडं बंद. सहा खोल्यांच्या भिंती उभ्या पण छप्पर एकावरही नाही, यापेक्षा तीन खोल्या छपरासकट पूर्ण असलेल्या बऱ्या.

सातवी पायरी: सांधे

कारखान्यात बनलेलं घर गळलं तर ते सांध्यातून गळतं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये '४६१ डीन' ही ३२ मजली मॉड्युलर इमारत २०१२ मध्ये सुरू झाली, ती ठरल्यापेक्षा कितीतरी उशिरा, २०१६ मध्ये पुरी झाली. मॉड्यूल एकमेकांशी नीट न जुळणं आणि गळती या तक्रारींवरून मालक आणि बांधणारे कोर्टात गेले. कारखाना कितीही चांगला असला तरी जोडणी साइटवरच होते.

सांध्याचा नियम आपल्या कौलांसारखाच आहे: वरचा तुकडा नेहमी खालच्यावर चढलेला हवा, म्हणजे पाणी आपोआप बाहेर उतरतं. नुसत्या सीलंटवर (सांधा बुजवायच्या चिकट लेपावर) भिस्त ठेवलेला सांधा मला मान्य नाही. आधी आकारानेच पाणी अडलं पाहिजे, सीलंट ही त्यामागची दुसरी फळी. प्रीकास्ट भिंतींच्या आडव्या सांध्यात आत चढलेली पायरी आहे का, पत्र्याची फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पट्टी) बोर्डाच्या आतून वर गेलीय का, खिडकीच्या उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, हे उभारणी चालू असतानाच बघा.

सीलंट आणि ग्राऊट (फटीत ओतायचा पातळ सिमेंटचा मसाला) दोन्हींना कोरडं हवामान लागतं, आणि पावसामुळे इथलं काम सगळ्यात जास्त रखडतं. पृष्ठभाग हाताला कोरडा लागला तरी काँक्रीट आतून ओलं असू शकतं. सोपी चाचणी: प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दवासारखं पाणी दिसलं तर थांबा. सांध्याच्या खाचेत आधी फोमची दोरी भरायची, त्यावर सीलंट. म्हणजे तो दोन्ही कडांना चिकटतो आणि भिंती तापून-निवून हलल्या तरी फाटत नाही. काम चालू असेपर्यंत त्या भिंतीवर ताडपत्रीची पडवी करा.

मग पाण्याची चाचणी, आतले बोर्ड बसवण्याआधी. होजपाइप घ्या आणि खालच्या सांध्यापासून सुरुवात करून हळूहळू वर जा, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. जिथे ओल दिसली तिथे पेन्सिलीने खूण, तारीख, दुरुस्ती, आणि वाळल्यावर पुन्हा पाणी.

पैसे आणि करार, जे खरं तर दुसऱ्या पायरीपासूनच चालू होतात

गृहकर्जाचे हप्ते साइटवर काम किती वर आलं ते बघून सुटतात. इथे मोठी रक्कम कारखान्याला आधी द्यावी लागते आणि साइटवर मात्र नुसतं जोतं दिसतं. बँकेशी हे आधी बोला. कारखान्यात तयार मालाची पाहणी करून हप्ता सोडतील का, ते लेखी विचारा. नाही म्हणाले तर ऑर्डर देण्याआधीच कळलेलं बरं.

चौरस फुटाच्या दरात हे घर विटांच्या घरापेक्षा स्वस्त पडेल अशी आशा धरू नका. पुष्कळदा पडत नाही. वाचतो तो वेळ, आणि वेळेबरोबर जाणारं घरभाडं, व्याज, सेंट्रिंगचं भाडं, होमस्टे असेल तर बुडालेला हंगाम. ही बेरीज स्वतःच्या आकड्यांनी करा. तुमची जागा तीव्र उताराची असेल, रस्ता पायवाटेपुरता असेल आणि घाई नसेल, तर जांभ्याचं घर दोन उन्हाळ्यांत बांधणं अजूनही योग्य ठरू शकतं.

करारात 'पावसामुळे उशीर' असं मोघम वाक्य ठेवू नका. कोणत्या कामाला कोणता पाऊस चालेल हे लिहा. कारखान्यातल्या उत्पादनाला पावसाची सबब नाही. क्रेनच्या कामाला हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट, किंवा लोड चार्टपेक्षा जास्त वारा, एवढीच कारणं. घाट बंद झाला तर माल किती दिवस मोफत ठेवणार आणि उभ्या क्रेनचं भाडं कोण देणार, हेही त्यातच.

शेवटचा हप्ता चावी मिळाल्यावर पूर्ण देऊ नका. काही रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत राखून ठेवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवा. त्या पावसाळ्यात दर जोरदार सरीनंतर घरभर एक फेरी मारा: खिडक्यांचे कोपरे, छपराचे जोड, बाथरूमच्या पाइपांभोवतीची जागा, भिंतीचा तळ. ओल दिसेल तिथे फोटो आणि तारीख. ऑक्टोबरमध्ये कारखान्याचा माणूस बोलवा, यादी हातात द्या, त्याच्याकडून सगळे सांधे दुरुस्त करून घ्या आणि होजपाइपने पुन्हा तपासून मगच उरलेला चेक लिहा.